टॅक्सीचालक ‘फिट अँड प्रॉपर’ आहे का? इंग्लंडमधल्या कौन्सिलवर अर्ज तपासताना पाळायचा क्रम

इंग्लंडमध्ये टॅक्सी (म्हणजे हॅकनी कॅरेज) किंवा प्रायव्हेट हायर गाडी (म्हणजे आधी बुकिंग करूनच घ्यायची गाडी) चालवायचं लायसन्स स्थानिक कौन्सिल देते. अर्जदार ‘फिट अँड प्रॉपर’ (म्हणजे या कामाला लायक आणि योग्य) आहे अशी खात्री पटल्याशिवाय ते देताच येत नाही. १९७६ च्या लोकल गव्हर्नमेंट (मिसलेनियस प्रोव्हिजन्स) कायद्यात तसं स्पष्ट आहे : प्रायव्हेट हायरसाठी कलम ५१, हॅकनीसाठी कलम ५९. मात्र ‘फिट अँड प्रॉपर’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या कायद्यात नाही आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एका अर्जदाराला ‘माणूस बरा दिसतोय, पोरंबाळं आहेत, देऊन टाका’ म्हणून लायसन्स मिळतं. पुढच्याच महिन्यात तशाच प्रकरणात दुसऱ्याला नकार मिळतो, का तर त्याची बोलण्याची ढब कोणाला आवडली नाही.

लायसन्सिंग सबकमिटीवर (या अर्जांची सुनावणी घेणाऱ्या कौन्सिलच्या समितीवर) नव्यानं बसलेल्या किंवा त्या विभागात काम करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा क्रम लिहिला आहे. अर्ज करणाऱ्यांनी वाचला तर पलीकडचा माणूस काय तपासतो ते त्यांनाही कळेल. लंडनमध्ये हे काम ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे आहे आणि तिथला कायदा वेगळा आहे. स्कॉटलंडचाही वेगळा आहे. त्यामुळे खालचं सगळं लंडनबाहेरच्या इंग्लंडपुरतं समजा.

टप्पा १ : आधी प्रश्न पक्का करा

फाइल उघडण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा. वाहतूक खात्यानं जुलै २०२० मध्ये काढलेल्या स्टॅच्युटरी स्टँडर्ड्समध्ये, म्हणजे कौन्सिलसाठीच्या सरकारी निकषांमध्ये, तो दिलेला आहे. त्याचा आशय असा : समोर असलेली माहिती पाहता, मनात पूर्वग्रह न ठेवता, तुमच्या जिव्हाळ्याच्या माणसाला, ते कोणत्याही अवस्थेत असलं तरी, दिवसा-रात्री कधीही या चालकाच्या गाडीत एकटं पाठवाल का?

यातल्या ‘कोणत्याही अवस्थेत’ या शब्दांवर थांबा. आपण मनातल्या मनात धडधाकट, शुद्धीवर असलेला, फोन हातात असलेला प्रवासी धरतो. प्रत्यक्षात गाडीत बसते रात्री दीड वाजता पबमधून निघालेली, तोल जाणारी मुलगी. कौन्सिलच्या शाळा-वाहतुकीच्या कंत्राटावर रोज जाणारं, बोलता न येणारं मूल बसतं. डायलिसिस करून परतणारे, पत्ता नीट न आठवणारे आजोबा बसतात. निर्णय यांना डोळ्यासमोर ठेवून घ्यायचा आहे.

पुरावा मोजण्याचं माप फौजदारी कोर्टाचं नाही. ‘निःसंशय सिद्ध’ लागत नाही, ‘असं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरतं. आणि संशयाचा फायदा अर्जदाराला द्यायचा नाही. खात्री पटवायची जबाबदारी त्याची आहे.

*सावध :* लायसन्स नाकारलं तर घर कसं चालेल, गाडीचे हप्ते कसे फिटतील, हा विचार या निर्णयात बसत नाही. लीड्स सिटी कौन्सिलच्या २००२ च्या प्रकरणात हायकोर्टानं वैयक्तिक परिस्थिती इथं गैरलागू असल्याचं सांगितलेलं आहे. ऐकायला कठोर वाटतं खरं, पण प्रवाशाच्या बाजूनं पाहिलं की पटतं.

टप्पा २ : फाइल पूर्ण आहे का?

अर्धवट फाइलवर सुनावणी लावणं हा वेळेचा अपव्यय. पुढच्या गोष्टी हातात आल्याशिवाय तारीख देऊ नका :

१. एन्हान्स्ड डीबीएस प्रमाणपत्र (गुन्ह्यांच्या नोंदींची सखोल सरकारी तपासणी), मुलं आणि असुरक्षित प्रौढ या दोन्हींच्या बार्ड लिस्टच्या, म्हणजे त्यांच्यासोबत काम करायला बंदी असलेल्यांच्या यादीच्या, तपासणीसह. नोकरीसाठी काढलेलं बेसिक डीबीएस इथं चालत नाही.

२. डीव्हीएलएचा (गाडी चालवण्याची लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेचा) ड्रायव्हिंग रेकॉर्ड. अर्जदार ऑनलाइन चेक कोड काढून देतो. तो २१ दिवसच चालतो. प्रिंटआउट स्वीकारू नका, कोड घेऊन स्वतः उघडा.

३. निदान १२ महिने गाडी चालवण्याचं पूर्ण लायसन्स. भारतीय लायसन्स ब्रिटनमध्ये बदलून मिळत नाही, इथली परीक्षा द्यावीच लागते. ‘पुण्यात १५ वर्षं चालवतोय’ हा अनुभव रस्त्यावर कामाला येईल, पण या अटीत धरता येणार नाही.

४. काम करण्याचा हक्क. होम ऑफिसचा (गृहखात्याचा) शेअर कोड घ्या, त्यावरून व्हिसाची स्थिती ऑनलाइन पाहता येते. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही आणि बहुतेक प्रायव्हेट हायर चालक स्वयंरोजगारावरच असतात. व्हिसाची मुदत संपते त्यापुढचं लायसन्स द्यायचं नाही.

५. वैद्यकीय दाखला. बहुतेक कौन्सिल डीव्हीएलएचा ग्रुप २, म्हणजे बस-लॉरीवाल्यांचा निकष लावतात.

६. एनआर३एस या राष्ट्रीय नोंदवहीतला शोध. कुठल्या कौन्सिलनं लायसन्स नाकारलं, रद्द केलं किंवा निलंबित केलं ते यात सापडतं. २७ एप्रिल २०२३ पासून ही नोंदवही वापरणं बंधनकारक आहे.

७. नूतनीकरण असेल तर एचएमआरसीचा, म्हणजे कर खात्याचा, टॅक्स चेक कोड. नवख्या अर्जदाराला कोड लागत नाही. कराच्या जबाबदाऱ्यांची माहिती असल्याचं तेवढं लिहून द्यावं लागतं.

इंग्रजीची चाचणी, सेफगार्डिंगचं (मुलं आणि असुरक्षित प्रवाशांच्या संरक्षणाचं) प्रशिक्षण, शहराची माहिती या गोष्टी प्रत्येक कौन्सिलच्या धोरणात कमी-जास्त असतात. आपलं धोरण उघडून बघा, शेजारच्या कौन्सिलचं नव्हे.

*तपासणी :* एनआर३एसमध्ये नाव सापडलं की काम संपलं असं नाही. नोंद फक्त ‘इथं काहीतरी झालं होतं’ एवढंच सांगते. काय झालं ते त्या कौन्सिलला लिहून मागवावं लागतं. उलट नाव सापडलं नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. नकार येणार असा वास लागताच अर्ज मागे घेणाऱ्याची नोंद तिथं होत नाही. म्हणून ‘यापूर्वी कुठं अर्ज केला होता का, आणि तो मागे घेतला का’ हा प्रश्न फॉर्मवर हवाच.

टप्पा ३ : कागद एकमेकांशी ताडून पाहा

सर्वात जास्त चुका इथं होतात, कारण हा टप्पा लोक गाळतात. प्रत्येक कागद सुटा वाचला जातो, शेजारी ठेवून कोणी वाचत नाही.

टेबलावर तीन कागद शेजारी ठेवा : अर्जदारानं स्वतः भरलेला फॉर्म, डीबीएस आणि डीव्हीएलएचा रेकॉर्ड. फॉर्मवर ‘शिक्षा : नाही’ आणि डीव्हीएलएवर सहा पॉइंट (वाहतुकीच्या गुन्ह्यांबद्दल लायसन्सवर पडणारे दंडाचे गुण) असतील, तर पॉइंटपेक्षा ते ‘नाही’ जास्त महत्त्वाचं ठरू शकतं. ‘मला वाटलं वेगमर्यादेचा दंड म्हणजे शिक्षा नसते’ हे काही वेळा खरंच असतं, फॉर्मची भाषाही कधीकधी अवघड असते. पण ‘फिक्स्ड पेनल्टीसुद्धा (कोर्टात न जाता भरलेला ठरावीक दंडही) लिहा’ असं फॉर्मवर ठळक छापलेलं असताना ते गाळलं असेल, तर प्रश्न प्रामाणिकपणाचा झाला.

डीव्हीएलएचे कोड वाचायला शिका. एसपी३० म्हणजे वेगमर्यादा, टीएस१० म्हणजे सिग्नल मोडणं. हे एखाददुसरे असतील तर लायसन्स अडत नाही. ढीग असेल तर स्वभाव दिसतो. ज्यावरून नजर घसरते ते दोन कोड वेगळेच आहेत. एमएस९० म्हणजे गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारल्यावर माहिती न देणं, त्याला सहा पॉइंट पडतात. विसराळूपणाही असेल, पण मूळ गुन्हा लपवायचा होता का, हे विचारलंच पाहिजे. आयएन१० म्हणजे विम्याशिवाय गाडी चालवणं. आधीपासून प्रायव्हेट हायर चालवणाऱ्याच्या नावावर हा असेल, तर रस्त्यावर उभं राहून बुकिंगशिवाय प्रवासी घेतले होते का ते पाहा. तसं केलं की विमा लागू राहत नाही, आणि मागं बसलेल्या प्रवाशाला त्याची कल्पनाही नसते.

नावं हा आपल्याकडचा खास गोंधळ. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये, लायसन्सवर ते गायब, लग्नानंतर आडनाव बदललेलं, कुठं आडनाव आधी तर कुठं शेवटी. डीबीएसच्या अर्जात आजवर वापरलेली सगळी नावं आणि मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते द्यावे लागतात. एखादं नाव राहिलं तर त्या नावावरचं रेकॉर्ड सापडणार नाही आणि प्रमाणपत्र कोरं येईल.

*सावध :* ‘ती शिक्षा केव्हाच स्पेंट झाली’ (म्हणजे ठरावीक काळ उलटल्यानं ती सांगायची गरज उरली नाही) हे उत्तर इथं चालत नाही. १९७४ च्या रिहॅबिलिटेशन ऑफ ऑफेंडर्स कायद्याच्या अपवादांमध्ये टॅक्सीचालक येतात. नियमानुसार गाळल्या जाणाऱ्या ‘प्रोटेक्टेड’ नोंदी वगळता जुन्या शिक्षाही विचारात घेता येतात.

टप्पा ४ : वर्षं कुठून मोजायची

स्टँडर्ड्सच्या परिशिष्टात मुदती दिल्या आहेत. कुणाच्या मृत्यूला कारण झालेला गुन्हा, माणसांचं शोषण, लैंगिक गुन्हा : यांत लायसन्स नाहीच. हिंसेचा गुन्हा आणि अमली पदार्थांचा पुरवठा : १० वर्षं. शस्त्र बाळगणं, अप्रामाणिकपणा, भेदभाव, दारू किंवा ड्रग्ज घेऊन गाडी चालवणं : ७ वर्षं. अमली पदार्थ नुसते जवळ बाळगणं आणि हातात मोबाइल धरून गाडी चालवणं : ५ वर्षं.

आकडे सगळ्यांना पाठ असतात. चुकतो तो प्रारंभ. शिक्षा सुनावली त्या दिवसापासून मोजायचं नाही. शिक्षा किंवा गाडी चालवण्याची बंदी पूर्ण भोगून झाली, तिथून मोजायचं.

समजा एका अर्जदाराला जानेवारी २०१९ मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल, म्हणजे डीआर१० खाली, २० महिन्यांची बंदी झाली. त्यानं पुनर्वसनाचा कोर्स केला, म्हणून बंदी पाव हिश्श्यानं घटून १५ महिन्यांवर आली. ती एप्रिल २०२० मध्ये संपली. सात वर्षं भरतात एप्रिल २०२७ मध्ये. जानेवारी २०२६ मध्ये तो अर्ज घेऊन येतो आणि म्हणतो, ‘सात वर्षं झाली.’ शिक्षेला झाली. बंदी संपल्याला झाली नाहीत. तो खोटं बोलत नाही, त्यानं चुकीच्या तारखेपासून मोजलं आहे. अधिकाऱ्याच्या अहवालातही हीच चूक असू शकते, म्हणून तारखा स्वतः मांडून पाहा.

मुदत भरली म्हणजे लायसन्स आपोआप देय होतं, ही दुसरी चूक. मुदत ही किमान अट आहे. मुदत भरलेली नाही म्हणून विचारच न करणं, ही तिसरी. धोरण म्हणजे कायदा नव्हे. प्रत्येक अर्ज त्याच्या गुणावर पाहायचा आणि धोरणापासून हटायचं असेल तर का हटलो ते लिहायचं. मात्र ‘आता तो सुधारला आहे’ एवढं कारण पुरत नाही. तसं प्रत्येकजण म्हणतो. या अर्जदारात इतरांहून वेगळं काय, ते दाखवता आलं पाहिजे.

टप्पा ५ : भारतातला काळ

डीबीएसला परदेशातलं फारसं काही दिसत नाही. म्हणून सलग तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ देशाबाहेर राहिलेल्या अर्जदाराची तिथल्या काळाची वेगळी तपासणी करायला स्टँडर्ड्स सांगतात. भारतीयांच्या बाबतीत याचा अर्थ पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी. भारतात पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत आणि इथं राहणाऱ्यांना उच्चायुक्तालयामार्फत ते मिळतं.

अर्जदारांसाठी सूचना : गावच्या पोलीस पाटलाचा किंवा सरपंचाचा दाखला आणू नका, पैसे आणि महिना दोन्ही फुकट जातील. कोणत्या कार्यालयाचं, किती जुनं सर्टिफिकेट चालतं ते कौन्सिलला आधी ईमेलनं विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

समितीसाठी : पीसीसी कोरं असलं तरी फॉर्मवरचा प्रलंबित खटल्यांचा रकाना स्वतंत्र वाचा. बांधावरून भावकीत मारामारी झाली, दोन्हीकडच्यांनी एकमेकांवर गुन्हे नोंदवले, खटला तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं पडून आहे, हे आपल्याकडे नवीन नाही. अर्जदाराला ती ‘घरची भानगड’ वाटते, म्हणून तो लिहीत नाही. पण त्यात शस्त्रानं दुखापत केल्याचं भारतीय दंड विधानातलं जुनं ३२४ कलम असेल, तर इथल्या हिशोबात तो हिंसेचा गुन्हा ठरू शकतो. चेक न वटल्याचा १३८ चा खटलाही भारतात फौजदारीच असतो. परदेशी कलम इथल्या कोणत्या गुन्ह्याशी जुळतं, हे समितीवरच्या भारतीय सदस्यानं स्वतःच्या माहितीवर ठरवू नये. ते काम कौन्सिलच्या वकिलाचं.

आणि अर्जदार ओळखीचा, मंडळातला, गावाकडचा निघाला तर? तसं जाहीर करा आणि खोलीबाहेर जा. ‘मी तटस्थ राहीन’ हे पुरेसं नाही.

टप्पा ६ : सुनावणी

अर्जदाराला सगळे कागद आधी मिळालेले असावेत. तुम्ही ज्यावर निर्णय घेणार आहात असा एकही कागद त्याच्यापासून लपलेला नको. त्याला बरोबर वकील किंवा प्रतिनिधी आणता येतो.

प्रश्न घटनेबद्दल विचारा, पश्चात्तापाबद्दल नंतर. ‘तुम्हाला वाईट वाटतं का?’ याचं उत्तर सगळ्यांना येतं. त्यापेक्षा ‘त्या रात्री किती वाजले होते, गाडीत कोण होतं, पोलिसांनी थांबवल्यावर तुम्ही काय म्हणालात?’ असं विचारा आणि उत्तर कागदाशी जुळतं का ते पाहा. ‘कोर्टात त्या माणसानं खोटं सांगितलं, मी गुन्हा केलाच नव्हता’ असं म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. सबकमिटी म्हणजे अपिलाचं कोर्ट नाही. शिक्षा झाली ती झाली असं धरूनच पुढं जायचं.

निर्दोष सुटलेल्यांचं काय? इथं भल्याभल्यांचा गोंधळ होतो. निर्दोष सुटणं म्हणजे फौजदारी मापानं सिद्ध झालं नाही, एवढंच. समितीचं माप वेगळं असल्यानं त्या आरोपामागची माहिती पाहता येते. रशक्लिफ बरो कौन्सिलच्या १९९८ च्या निकालानं अशा प्रकरणात ऐकीव पुरावाही विचारात घेता येतो हे मान्य केलं. ऐकीव पुराव्याला वजन किती द्यायचं, ते मात्र ठरवून लिहा. एकाच माणसाच्या तोंडून आलेली निनावी तक्रार आणि तीन अनोळखी प्रवाशांनी वेगवेगळ्या महिन्यांत सांगितलेली सारखीच गोष्ट यांना एका तागडीत टाकू नका. दुसरीत कुठलीही शिक्षा झालेली नसली तरी ती गंभीर आहे.

*तपासणी :* बाहेर जाऊन विचारविनिमय करण्याआधी प्रत्येक सदस्यानं स्वतःला विचारावं : ज्या मुद्द्यावर मी नकार देणार आहे, तो मुद्दा अर्जदारासमोर बोलला गेला का? नसेल तर परत बसा आणि विचारा.

टप्पा ७ : निर्णय आणि त्याची कारणं

‘समितीला अर्जदार योग्य वाटला नाही’ हे कारण नव्हे. लेखी निर्णयात चार गोष्टी याच क्रमानं हव्यात : कोणती तथ्यं मानली, धोरणातला कोणता भाग लागला, अर्जदारानं काय सांगितलं आणि ते का पटलं किंवा पटलं नाही, आणि शेवटी टप्पा १ मधल्या प्रश्नाचं उत्तर.

वरच्या डीआर१० वाल्या अर्जदाराचा निर्णय साधारण असा होईल :

‘अर्जदाराची गाडी चालवण्यावरची बंदी एप्रिल २०२० मध्ये संपली. धोरणानुसार सात वर्षं एप्रिल २०२७ मध्ये पूर्ण होतात. अर्जदारानं पुनर्वसनाचा कोर्स केला आणि नंतर एकही गुन्हा नाही, हे समितीनं लक्षात घेतलं. पण त्या वेळी गाडीत प्रवास करणारी एक व्यक्ती होती, हे त्यानं फॉर्मवर लिहिलं नव्हतं आणि सुनावणीत विचारल्यावरच सांगितलं. धोरणाला अपवाद करण्याइतकं कारण समितीला आढळलं नाही. अर्जदार सध्या फिट अँड प्रॉपर असल्याची समितीची खात्री पटलेली नाही.’

कोर्सचा उल्लेख यात आवर्जून आहे. अर्जदाराच्या बाजूचा मुद्दा ऐकला आणि तरीही नकार दिला, हे दिसलं पाहिजे.

टप्पा ८ : निर्णय कळवल्यानंतर

नकाराच्या पत्रात अपिलाचा हक्क लिहा : पत्र मिळाल्यापासून २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट्स कोर्टात. तारीख महत्त्वाची आहे, म्हणून पत्र केव्हा आणि कसं पोचलं याची नोंद ठेवा.

चालू लायसन्सच्या बाबतीत आणखी एक फाटा आहे. रद्द करण्याचा निर्णय साधारणपणे २१ दिवसांनी लागू होतो आणि अपील केलं तर ते निकाली निघेपर्यंत चालक गाडी चालवू शकतो. सार्वजनिक सुरक्षेसाठी ताबडतोब थांबवायचं असेल तर १९७६ च्या त्याच कायद्याचं कलम ६१(२बी) वापरावं लागतं आणि ते पत्रात कारणासह लिहावं लागतं. हे वाक्य राहिलं तर धोकादायक चालक पुढचे कित्येक महिने रस्त्यावर राहतो. ‘पोलीस तपास चालू आहे तोवर निलंबित ठेवू’ ही पळवाटही घेऊ नका. कार्डिफच्या २०१२ च्या प्रकरणात हायकोर्टानं सांगितलं आहे की निलंबन म्हणजे निर्णय लांबवण्याची सोय नव्हे. हातात आहे त्या माहितीवर निर्णय घ्यायचा असतो.

लायसन्स मिळालं तर चालकाला दोन गोष्टी लेखी द्या. अटक होऊन सुटका, आरोपपत्र किंवा शिक्षा झाली तर ४८ तासांत कळवायचं; लैंगिक, हिंसेचे आणि अप्रामाणिकपणाचे गुन्हे यात येतात, तसेच वाहतुकीचे सगळे. आणि डीबीएस अपडेट सर्व्हिसची (प्रमाणपत्रात काही बदल झाला का ते ऑनलाइन पाहता येणाऱ्या सेवेची) नोंदणी चालू ठेवायची, कारण कौन्सिलनं दर सहा महिन्यांनी ते तपासायचं असतं. प्रमाणपत्र निघाल्यापासून ३० दिवसांत ही नोंदणी केली नाही तर नवं डीबीएस काढावं लागतं. फी पुन्हा भरताना चालकाचा राग कौन्सिलवर निघतो, म्हणून तारीख पत्रातच ठळक लिहा.

नकार असेल किंवा लायसन्स रद्द झालं असेल, आणि कारण सुरक्षेचं असेल, तर एनआर३एसमध्ये नोंद करा. ती ११ वर्षं राहते. जन्मतारीख आणि लायसन्स नंबर पासपोर्ट व डीव्हीएलएशी पडताळून टाका, आणि टप्पा ३ मध्ये सापडलेली नावाची सगळी रूपं फाइलवर लिहून ठेवा. उद्या दुसऱ्या कौन्सिलकडून विचारणा आली तर उत्तर त्याच फाइलमधून द्यावं लागणार आहे.